वादळाचे पुस्तक किनाऱ्यावर संपू नये

२६ सप्टेंबर २०२१ रोजी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आले. तिथून हिंगोली जिल्ह्यातले आपले आखाडा बाळापूर सरळ रेषेत मोजले तरी सुमारे ७०० किलोमीटर. वाऱ्याचा जोर वाटेतच ओसरला, वादळ कमजोर झाल्याच्या बातम्या आल्या. पाऊस मात्र तेलंगण ओलांडून मराठवाड्यावर येऊन कोसळला. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. २८ तारखेला आपल्या शेजारच्या उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावरून नांदेड-नागपूर एसटी वाहून गेली, माणसे दगावली. आणि हे ऐन सोयाबीन काढणीच्या तोंडावर. कापून ठेवलेले सोयाबीन पाण्यात राहिले की शेंगेतच दाण्याला कोंब फुटतो, उभ्या पिकाच्या शेंगा काळ्या पडतात, आणि अशा मालाला बाजारात भाव मिळत नाही. त्याच वादळाचे अवशेष पुढे अरबी समुद्रावर गेले, तिथे ‘शाहीन’ नावाने पुन्हा वादळ उठले आणि ३ ऑक्टोबरला ओमानवर आदळले.

म्हणून गावच्या वाचनालयासाठी किंवा शाळेसाठी चक्रीवादळावरचे पुस्तक निवडताना माझी कसोटी एकच आहे: वादळ जमिनीवर आल्यानंतर ते पुस्तक त्याच्या मागोमाग किती लांब जाते? सर्वसाधारण पुस्तकात वादळाचा डोळा असतो, लाटा असतात, उन्मळलेली झाडे आणि किनाऱ्याला लागलेल्या होड्या असतात. समुद्राचे पाणी साडेसव्वीस अंशांहून उबदार लागते, वाफेचे पाणी होताना सुटणाऱ्या उष्णतेवर वादळ पोसले जाते, हेही बहुतेक ठिकाणी नीट सांगितलेले असते. मग ‘जमिनीवर आल्यावर वादळ क्षीण होते’ एवढ्या वाक्यावर प्रकरण संपते. हे वाक्य खरे असले तरी आपल्यासाठी ते अर्धेच आहे. क्षीण होतो तो वारा. उबदार समुद्र मागे राहिल्यामुळे त्याचे बळ जाते, पण वर चढलेले बाष्प लगेच कुठे जात नाही, आणि भोवती मोसमी वारे चालू असले तर त्यात नवी भर पडत राहते. वारा किती जोराचा आणि पाऊस किती पडणार, ही दोन वेगळी मोजमापे आहेत. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या आसपास पोचल्याशिवाय आपल्याकडे वादळाला नाव मिळत नाही. २०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याच कलिंगपट्टणमकडून आलेले कमी दाबाचे क्षेत्र बिननावाचेच होते. हिंगोली, नांदेड, परभणीच्या शेतांत पाणी भरायला त्याला नाव लागले नाही.

हे दुखणे एकट्या मराठवाड्याचे नाही. अमेरिकेत ‘हेलीन’ हरिकेन, म्हणजे तिकडचे चक्रीवादळच, २६ सप्टेंबर २०२४ ला फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आले, पण समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातली गावे त्याच्या पुरात उद्ध्वस्त झाली. तिथल्या लोकांनाही हरिकेन ही किनाऱ्याची गोष्ट वाटत आली होती.

‘मोबाईलवर सगळे कळते, पुस्तक कशाला?’ असे कुणी विचारेल. इशारा मोबाईलवरच यावा, त्याबद्दल दुमत नाही. पण इशारा वाचायलाही आधीची समज लागते. ‘वादळ कमजोर झाले’ हा निरोप वाचून निर्धास्त व्हायचे की गंजीवर ताडपत्री टाकायची, हे ती समजच ठरवते. शिवाय मोबाईलवरचे सगळे खरे नसते. १८८२ च्या जून महिन्यात मुंबईत चक्रीवादळाने लाखभर माणसे मेली, असे कितीतरी याद्यांमध्ये लिहिलेले सापडते. एवढा अनर्थ झाला असता तर त्या वेळची वृत्तपत्रे त्याने भरून गेली असती. अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा पुरावाच मिळाला नाही. चांगले पुस्तक असा आकडा छापण्याआधी तपासते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इंग्रजीत उत्तम पुस्तके आहेत, तीच घ्यावीत. केरी इमॅन्युएल यांचे २००५ चे ‘डिव्हाइन विंड’ खरोखर घेण्यासारखे आहे. विज्ञान आणि इतिहास इतक्या प्रेमाने एकत्र गुंफलेले क्वचित दिसतात. हवामान खात्याचे महासंचालक राहिलेले पी. के. दास यांचे ‘द मॉन्सून्स’ जुने असले तरी आपल्या पावसाचे आहे. पण आठवीतल्या मुलीला किंवा हळद लावणाऱ्या तिच्या वडिलांना ती हातात देऊन भागणार नाही. मराठीत लिहायला सामग्री मात्र तयार आहे. हवामान खात्याच्या ॲटलासमध्ये १८९१ पासूनच्या वादळांचे आणि कमी दाबाच्या क्षेत्रांचे मार्ग नकाशावर काढलेले आहेत. बंगालच्या उपसागरातून निघून देशाच्या पोटात शिरणाऱ्या किती रेषा आहेत, हे तिथे एका नजरेत दिसते. प्रत्येक वादळानंतर खाते सविस्तर अहवालही काढते, पण तोही इंग्रजीत. हवामान खात्याचे मोठे कार्यालय पुण्यात, उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था पुण्यात, तिथे मराठी बोलणारे शास्त्रज्ञ आहेत, आणि पुस्तके छापायला राज्याचे साहित्य आणि संस्कृती मंडळ आहे. ‘गुलाब’चा मार्ग कलिंगपट्टणमपासून ओमानपर्यंत दाखवणारे, कयाधू आणि पैनगंगेचे पूर त्या मार्गाशी जोडून सांगणारे शंभर पानांचे मराठी पुस्तक त्यांनी मिळून काढावे, आणि ते निघेपर्यंत जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेने त्या ॲटलासमधले मराठवाड्यावरून जाणारे मार्ग तरी छापून वर्गात लावावेत.