हिरवेपण निविदेत लिहा

वर्सोव्यातील सरदार वल्लभभाई पटेल नगर आणि चार बंगला परिसरात म्हाडाच्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला निघाल्या आहेत. खाऱ्या वाऱ्याने सळया गंजल्या, स्लॅबचे पोपडे पडू लागले. तेव्हा नवी इमारत हवीच. पण सर्वसाधारण सभेत चर्चा रंगते ती वाढीव कार्पेट क्षेत्र, कॉर्पस निधी आणि घरभाड्याची. चार मजल्यांवरून वीस मजली टॉवरमध्ये गेल्यावर दरमहा मेंटेनन्स किती येईल, हे विचारणारा सभासद एकटा पडतो. लिफ्ट, पंप, मे महिन्यातले टँकर यांचा खर्च निवृत्तिवेतनाला पेलेनासा झाला, की मूळ रहिवासी घर विकून वसई-विरारची वाट धरतो. हा दरमहाचा खर्च आटोक्यात ठेवणाऱ्या हरित बांधकामाची सर्वाधिक गरज आहे ती त्याला.

हे बांधकाम महाग पडते, ही समजूत अर्धीच खरी आहे. ते महाग पडते उशिरा सुचल्यावर. राष्ट्रीय बांधकाम संहिता माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरते, त्यातले ४५ लिटर फ्लशसाठी. म्हणजे भातसा-वैतरणेहून आणून शुद्ध केलेल्या पाण्याचा तिसरा हिस्सा आपण संडासात ओततो. आंघोळीचे पाणी शुद्ध करून फ्लशला द्यायचे, तर दुसरी पाइपलाइन लागते. प्लंबिंगचा नकाशा कागदावर असताना तिचा खर्च एकूण बांधकामात जाणवतही नाही. टाइल्स बसल्यावर मात्र प्रत्येक घरातले बाथरूम फोडावे लागते, आणि त्याला कोणी हात वर करत नाही. पश्चिमेच्या भिंतीचेही तसेच. समुद्र दिसावा म्हणून तिथे काच लावायची आणि दुपारच्या उन्हावर एसी चालवायचा, हा उद्योग वर्सोव्यात सर्रास चालतो. खोल छज्जा, पोकळ हलक्या विटा, समोरासमोर खिडक्या एवढ्याने पुष्कळ भागते. राजकोटमध्ये पंतप्रधान आवास योजनेच्या ११७६ घरांत भारत-स्विस सहकार्यातून याच धर्तीचे काम करून दाखवले गेले. ती घरे गरिबांची आहेत.

नियम पाळणे आणि उपयोग होणे यांत मात्र अंतर आहे. पर्जन्यजल संधारणाची सक्ती मुंबईत २००२ पासून आहे. किनाऱ्यालगत भूजल वर आणि खारट असते. तिथे पुनर्भरणाचा खड्डा बहुधा दाखल्यापुरता उरतो, साठवण टाकी कामाला येते. सांडपाणी प्रकल्पाचेही तेच. चालवायला माणूस नाही, विजेचे बिल परवडत नाही, म्हणून तो ताबा मिळाल्यानंतर बंद पडतो. सौर पॅनेलला केंद्राची पीएम सूर्यघर योजना सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये देते; पण गच्ची टाक्यांनी भरली तर पॅनेलला जागा उरत नाही, आणि लोखंडी सांगाड्याला जस्ताचा मुलामा नसला, तर खारी हवा तो खाऊन टाकते.

हे सारे ठरते विकासक निवडण्यापूर्वी. सहकार कायद्याच्या कलम ७९ अ खाली ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे. त्यानुसार आधी वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागार, मग व्यवहार्यता अहवाल, मग निविदा, आणि निबंधकांच्या अधिकाऱ्यासमोर विशेष सभेत निवड. त्या अधिकाऱ्याचे लक्ष गणपूर्तीवर आणि मतांवर असते. अहवालात दहा वर्षांच्या मेंटेनन्सचा तक्ता आहे का, निविदेत दुहेरी पाइपलाइन, छज्जा, गच्चीचा आराखडा आहे का, हेही त्याने पाहिले पाहिजे. विकासकाच्या बँक हमीचा काही भाग यंत्रणा दोन पावसाळे नीट चालल्यावरच सोडावा. पाडकामाचा राडारोडा दहिसरच्या प्रक्रिया केंद्रात पोचल्याची पावतीही मागावी. तो रात्री तिवरांत ओतला जातो, तेव्हा खाडीचे मुख बुजते आणि वेसावे कोळीवाड्याच्या होड्या अडतात. शेजाऱ्याच्या पोटावर पाय देऊन मिळालेल्या हरित मानांकनाला काय किंमत?

याला नवा कायदा नको. सहकार खात्याने त्याच शासन निर्णयात या अटींची भर घालावी. ज्या सोसायट्यांच्या निविदा अजून निघायच्या आहेत, त्यांनी तेवढ्यासाठीही थांबू नये. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत मेंटेनन्सचा तक्ता पहिला घ्यावा.