परभाषेचा शिक्षक, की तासाचा मजूर?

आमच्या जिल्ह्यातील व्यापारी वाचकांस तेर हे गाव गोरोबाकाकांमुळे ठाऊक आहेच. परंतु या गावाचे एक जुने खाते आहे, ते फार थोड्यांनी उघडून पाहिले असेल. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसर देशात राहणाऱ्या एका व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या व्यापाराचे एक टिपण ग्रीक भाषेत लिहून ठेवले. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे मोठे शहर असून तेथील साधे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदरास येते, असे त्यात नमूद आहे. हे तगर म्हणजेच आपले तेर, हे फ्लीट या पंडिताने १९०१ साली दाखवून दिले. आता इतका माल यवनांच्या जहाजांवर चढत होता, तर भाव ठरविताना, ताग्यांची मोजदाद करताना, उधारीची बोली करताना दोन्हीकडच्या भाषा जाणणारा कोणी दुभाषी मध्ये उभा असलाच पाहिजे. त्याचे नाव त्या टिपणात नाही. मालाची नोंद झाली, बंदराची झाली, दुभाष्याची झाली नाही. दोन हजार वर्षांनंतर आमच्या महाविद्यालयांचे दप्तर पाहावे, तर परभाषा शिकविणाऱ्याच्या नावापुढे कायमची नोंद करण्याची रीत अजूनही फारशी पडलेली दिसत नाही.

या प्रश्नास आजच तोंड फोडण्यास कारण घडले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पाठविण्याविषयी करार झाला व प्रथम दहा हजार तरुणांची गोष्ट निघाली. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक, सुतार असे नाना धंद्यांचे लोक तिकडे हवे आहेत. त्यांस प्रथम जर्मन आली पाहिजे, हे उघडच आहे. करार झाला हे चांगलेच झाले. परंतु कराराची बातमी खेड्यापाड्यांत पोहोचण्यापूर्वीच ‘तीन महिन्यांत जर्मन, सहा महिन्यांत नोकरी’ असा पुकारा करणारे मध्यस्थ पोहोचतात, हा अनुभव नवा नाही. एक एकर विकून किंवा सोने गहाण ठेवून मुलाची फी भरण्यास निघालेला बाप आमच्या कचेरीत कागद दाखवावयास येतो, तेव्हा कायद्याचा प्रश्न सोडून आम्हांस आधी त्रैराशिकच मांडून दाखवावे लागते.

ते त्रैराशिक वाचकांपुढेही ठेवतो. युरोपात भाषेच्या येण्याच्या सहा पायऱ्या मानतात. सर्वांत खालची ए-१, सर्वांत वरची सी-२. जर्मनीत परिचारिकेस पूर्ण परवाना मिळविण्यासाठी सामान्यतः चौथी पायरी, म्हणजे बी-२, चढावी लागते. ही पायरी गाठण्यास पंचेचाळीस मिनिटांचा एक असे सुमारे ६०० ते ८०० तास शिकवावे लागते, असा गोएथे संस्थेचा, म्हणजे आपल्याकडे जिला मॅक्सम्युलर भवन म्हणतात त्या संस्थेचा हिशेब आहे. महाविद्यालयाच्या वर्षात शिकविण्याचे दिवस १८० धरतात. रोज एक तास शिकविला तर सव्वातीन ते साडेचार वर्षे लागतील. तीन महिन्यांत कामाचे पंचाहत्तर दिवस पकडले, तर रोज किमान आठ तास शिकवावे लागतील. आणि शिकविलेले जिरण्यास वेळ लागतो ही गोष्ट त्यात धरलेलीच नाही. ज्वारीचे कणीस दुप्पट पाणी घातल्याने अर्ध्या दिवसांत भरत नाही, हे ज्या शेतकऱ्यास कळते त्यास हेही कळावयास हरकत नाही.

मग ही चार वर्षे शिकवावयाची कोणी? येथे घोडे पेंड खाते. आमच्या महाविद्यालयांत रिकाम्या जागांवर ‘तासिका तत्त्वावर’ म्हणून जे अध्यापक घेतात, ज्यांस सर्व लोक सीएचबी म्हणून ओळखतात, त्यांची नेमणूक एका वर्षाच्या आत संपते. पुढील वर्षी पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत, पुन्हा मंजुरीची वाट. शिकविलेल्या तासाचेच पैसे. दिवाळीचे नाहीत, उन्हाळ्याचे नाहीत, वह्या तपासल्याचे नाहीत, संध्याकाळी एखाद्या मुलीचा उच्चार सुधारीत बसल्याचे तर नाहीतच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली अतिथी अध्यापकास एका व्याख्यानाचे १,५०० रुपये व महिन्यास जास्तीत जास्त ५०,००० रुपये असा दर सांगितला. आमच्या राज्यातील तासिकेचा दर त्याच्या खालीच राहत आला आहे. आम्ही वकिली करतो, सुनावणीगणिक फी घेतो, तेव्हा तासावारी कामास आम्ही नावे ठेवावी हे कोणास विनोदाचे वाटेल. परंतु पक्षकार आम्हांस दर नऊ महिन्यांनी बदलीत नाही, आणि बदललाच तर नव्या वकिलास निदान फाईल तरी मिळते. भाषेच्या वर्गाची फाईल विद्यार्थ्याच्या जिभेवर असते. नवा शिक्षक आला की तो पहिल्या धड्यापासून आरंभ करतो, कारण मागच्याने कोठवर आणले हे त्यास कोणी सांगत नाही. भाषा चार वर्षांत येते आणि शिक्षकास नऊ महिने देतात; अशाने चौथ्या वर्षीही विद्यार्थी ‘माझे नाव अमुक, मी धाराशिवचा’ एवढ्यावरच राहील. इतर विषयांत शिक्षक बदलला तर पुस्तक उरते. भाषेत शिक्षक हेच पुस्तक होय.

जर्मनची गोष्ट नवी म्हणून सोडून देऊ म्हटले, तरी इंग्रजीचे काय? तीही परभाषाच, आणि ती तर आमच्या प्रत्येक महाविद्यालयात सक्तीने शिकविली जाते. आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. वर्गात शंभरावर मुले, अनिवार्य इंग्रजीचा तास, प्राध्यापक कवितेचा अर्थ मराठीत सांगत आणि आम्ही तो लिहून घेत असू. परीक्षेच्या आधी बाजारातून गाईड आणावयाचे, दहा उत्तरे पाठ करावयाची, त्यांतली सहा येत. तीन वर्षांत आम्ही वर्गात उठून इंग्रजीचे एक वाक्य स्वतःचे म्हणून बोललो नाही, आणि कोणी बोलावयास सांगितलेही नाही. पदवी मिळाली, पुढे कायद्याचीही मिळाली. नंतर औरंगाबाद खंडपीठापुढे पहिल्या अर्जाकरिता उभे राहिलो, तेव्हा मुद्दा डोक्यात होता, कायदा डोक्यात होता, आणि वाक्य जुळेना. न्यायमूर्ती दयाळू होते. परंतु अशिलाचे भवितव्य न्यायमूर्तींच्या दयाळूपणावर ठेवणे हे काही शिक्षणाचे फळ नव्हे. त्या प्राध्यापकांस आम्ही दोष देत नाही. त्यांसही तसेच शिकविले होते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

परभाषा शिकविणे ही विद्या आहे. ती भाषा जाणणारा प्रत्येक मनुष्य ती शिकवू शकतो हा समज चुकीचा, आणि ती बोलणारा गोरा मनुष्य आणून उभा केला की काम झाले हा समज त्याहून चुकीचा. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकविण्याचे काम विल्यम केरी या मिशनऱ्याकडे आले, तेव्हा त्याने वैजनाथ पंडितांस हाताशी धरले आणि १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस उतरले ते आधी कोकणात राहून मराठी शिकले, आणि मग त्यांची शाळा निघाली. त्यांच्या धर्मप्रसाराच्या हेतूविषयी आमचे मत सर्वश्रुत आहे. परंतु शिष्याची भाषा आधी शिकून घ्यावी ही त्यांची शिस्त खोटी म्हणता येणार नाही. आमच्यातल्यांत पाहावे तर बाळशास्त्री जांभेकर. एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापन करणारे हे गृहस्थ, आणि त्यांनीच १८३२ साली ‘दर्पण’ काढले ते इंग्रजी व मराठी असे शेजारी-शेजारी स्तंभ घालून. मराठी वर्तमानपत्राचा धंदा मुळात एका भाषाशिक्षकाने उभा केला, हे आम्हां संपादक मंडळींनी तरी विसरू नये.

आणि आमची मुले भाषेस मंद आहेत, हे तर कोणी बोलूच नये. तुळजापुरास महाद्वाराबाहेरच्या गल्लीत जाऊन पाहावे. कर्नाटकातून आलेल्या यात्रेकरूशी कानडीत, तेलंगणातल्याशी तेलुगूत, आणि शेजारच्या दुकानदाराशी मराठीत बोलणारा कुंकवाचा व्यापारी तेथे पावलोपावली भेटतो. उमरगा-नळदुर्गाकडे घरात मराठी, बाजारात कानडी आणि मोंढ्यात दखनी उर्दू असा व्यवहार करणारा पोर कोणत्याही शाळेत न जाता तीन भाषा पेलतो. तोच पोर महाविद्यालयात आला की ‘इंग्रजीत कच्चा’ ठरतो. बाजारात त्यास रोज बोलावे लागे. वर्गात त्यास तीन वर्षे गप्प बसविले. दोष पोराचा की वर्गाचा, याचा निकाल देण्यास साक्षीपुराव्याची गरज नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही स्वदेशीचे अभिमानी, मग परभाषेची एवढी वकिली कशाला? या शंकेस उत्तर आमच्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. तेथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि सर्व विषय उर्दूतून शिकविण्याचे ठरले. उर्दू ही या देशाचीच भाषा, तिच्याविषयी आमच्या मनात किंतु नाही. परंतु मराठी, तेलुगू व कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेवर ज्ञानासाठी ती सक्तीने लादणे हा अन्याय होता, हे आम्ही आजही म्हणतो. तथापि त्या विद्यापीठाकडून दोन गोष्टी उचलण्यासारख्या होत्या. इंग्रजी हे माध्यम नसताही तेथे तो सक्तीचा विषय होता. म्हणजे ज्ञान एका भाषेत आणि परभाषेची विद्या वेगळी, हा भेद त्यांस कळला होता. दुसरे असे की, भाषांतरासाठी त्यांनी पगारी विद्वानांचे स्वतंत्र खाते उभारले. ते काम तासावारीवर टाकले नाही. आम्ही नेमके उलटे केले. उच्च शिक्षणाच्या कित्येक शाखांत इंग्रजीच माध्यम केली आणि इंग्रजी शिकविणारा मात्र तासावर ठेवला.

२०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकविण्याच्या शासननिर्णयांवरून महाराष्ट्रात केवढे रान पेटले, आणि जूनअखेर ते निर्णय कसे मागे घ्यावे लागले, हे वाचकांस आठवत असेल. निर्णय मागे घेतले हे योग्यच झाले. पण त्या वादात कोणती भाषा, कोणत्या इयत्तेत, कोणाच्या आज्ञेने, एवढेच प्रश्न गाजले. शिकविणार कोण, हा प्रश्न सभांतून फारसा कोणी विचारला नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयात जर्मन, जपानी, फ्रेंच अशी दुकाने थाटण्याची गरज नाही; नॅकची समिती येण्याच्या सुमारास ‘परकीय भाषा प्रमाणपत्र वर्ग’ अशी पाटी लावावयाची आणि ती गेल्यावर फळी आत ठेवावयाची, हा प्रकार तर तत्काळ बंद व्हावा. त्यापेक्षा धाराशिव, तुळजापूर, उमरगा व कळंब येथील संस्थांनी एकत्र येऊन एकच परभाषा निवडावी आणि तिच्यासाठी दोन कायम अध्यापक ठेवावे. त्यांनी आठवड्याचे दिवस वाटून घेऊन चारी ठिकाणी शिकवावे. माणसे मिळणार नाहीत ही सबब चालणार नाही. पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. हैदराबादेस १९५८ साली निघालेली इंग्रजीची मध्यवर्ती संस्था २००७ सालापासून इंग्रजी व परकीय भाषांचे केंद्रीय विद्यापीठ झाली आहे, आणि हैदराबाद आमच्या लोकांस कधीच दूरचे नव्हते. तेथून शिकून आलेली मराठवाड्यातली मुले पुण्या-बंगळुरास कंपन्यांत जातात, कारण येथे त्यांस नऊ महिन्यांपलीकडे कोणी वचन देत नाही. इंग्रजीच्या रिक्त जागा भरणे हे तर शासनाचे कर्तव्यच आहे. २०१८ साली या जिल्ह्यास ‘आकांक्षित’ जिल्हा म्हणून निवडले. त्या आकांक्षेत एक इंग्रजी बोलणारा वर्ग बसत नसेल तर ती कसली, हे जिल्हा नियोजन समितीने आम्हांस समजावून सांगावे.

व्यापारी मंडळींस एक विनंती आहे. आपण अन्नदान करता, धर्मशाळा बांधता. तसेच एका भाषाशिक्षकाचे पाच वर्षांचे वेतन ठेव म्हणून बँकेत टाकून पाहा. सोयाबीन, द्राक्ष, पेढा, कवड्यांची माळ, जे काही आपण बाहेर पाठवू म्हणता, त्याचे पत्र परदेशच्या खरेदीदारास त्याच्या भाषेत लिहिणारा मुलगा आपल्याच गावात तयार होईल. आज ते पत्र मुंबईचा दलाल लिहितो आणि त्याचे पैसे घेतो.

पालकांसाठी मात्र आज एवढेच. प्रवेशाचे दिवस आले की महाविद्यालयाच्या कचेरीत फी भरण्यापूर्वी विचारावे, की गेल्या वर्षी इंग्रजी कोणी शिकविली आणि यंदा तीच व्यक्ती आहे काय. जर्मनच्या वर्गवाल्यास विचारावे, की एकूण तास किती, परीक्षा कोणाची, आणि शिक्षकाने स्वतः कोणती पायरी चढल्याचा दाखला दाखवावा. दाखला नसेल, किंवा उत्तर तोंडी मिळून पावती कोऱ्या कागदावर मिळत असेल, तर पैसे खिशात ठेवून घरी यावे. आणि तो कोरा कागद मात्र अवश्य आमच्याकडे आणून द्यावा.