विमानतळाला आकाशही लागते

उलव्याची टेकडी आता जुन्या माणसांच्या बोलण्यातच उरली आहे. सुमारे ९० मीटर उंचीची ती टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावांची बिऱ्हाडे हलली आणि ३,७०० मीटर लांबीची धावपट्टी झाली. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून प्रवासी विमाने उडू लागली. हे सारे जमिनीसाठी झाले, असे आपल्याला वाटते. पण विमानतळाला जमिनीइतकेच आकाशही लागते.

धावपट्टीवर विमानाने एक ठरावीक वेग गाठला की थांबायला जागा उरत नाही. त्यानंतर एक इंजिन बंद पडले तरी उडावेच लागते. अशा वेळी चाके आत घेतल्यावर दोन इंजिनांच्या विमानाला निदान शेकडा २.४ इतका चढ घेता आला पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे किलोमीटरमागे २४ मीटर. अडथळ्यांचा हिशेब मांडताना त्यातूनही ०.८ वजा करतात. उरतात १६ मीटर. एवढ्या बेताच्या चढानेही वाटेतला अडथळा ३५ फूट राखून ओलांडला गेला पाहिजे. मे महिन्यात हवा तापली की इंजिनाचा जोर घटतो. मग विमानाचे वजन कमी करावे लागते.

आम्ही बँकेत सोन्यावर कर्ज देताना पूर्ण किंमत कधीच धरत नसू. उद्या भाव पडेल, हे गृहीत धरून मार्जिन ठेवायचे. वजा केलेले ०.८ आणि ते ३५ फूट हे विमानाचे मार्जिन.

आज विमानतळाभोवती इमारती वाढत आहेत. उंचीचा ना-हरकत दाखला विमानतळ प्राधिकरण देते आणि ‘दोन मजल्यांनी काय बिघडते?’ असे आपल्यातलेच लोक विचारतात. दोन मजले म्हणजे सहा मीटर, जवळजवळ २० फूट. नोंदलेली इमारत हिशेबात धरता येते, विमान हलके करता येते. दाखल्याबाहेर चढवलेला मजला मात्र हिशेबातच नसतो. तो थेट त्या ३५ फुटांतून खातो.

घर घेताना आपण पाणी, पार्किंग, रेरा क्रमांक विचारतो. नवी मुंबईत उंचीचा दाखलाही मागून पाहावा, असे मी म्हणेन. दहा गावांनी आपली घरे सोडून हे आकाश मोकळे करून दिले आहे. ते कुणी मजल्यामजल्याने विकू नये आणि आपण विकत घेऊ नये.