ऑपरेशन आणि बीपीची गोळी

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एका मावशींचे हर्नियाचे ऑपरेशन ठरले होते. रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्या सहज म्हणाल्या, "बीपीची गोळी आठ दिवस झाले सोडलीय. शेजारीण म्हणाली, त्या गोळीनं ऑपरेशनमध्ये रक्त थांबत नाही." सोमवारी आम्ही त्यांना दवाखान्यात नेले. वरचा दाब १९० निघाला. ऑपरेशन पंधरा दिवस पुढे गेले. मुलाचा खाडा झाला तो वेगळाच.

मावशींची गोळी अॅम्लोडिपिन. आपल्या कितीतरी घरांत हीच असते. रक्तवाहिनीच्या स्नायूत कॅल्शियम शिरले की वाहिनी आवळते. ही गोळी ते शिरणे अडवते, वाहिनी सैल पडते, दाब उतरतो. आता, रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट पेशींनाही एकमेकींना चिकटायला कॅल्शियम लागते. म्हणजे शेजारणीचे बोलणे अगदीच हवेतले नव्हे. हृदयाची झडप बदललेल्या रुग्णांना याच जातीचे निमोडिपिन दिले तेव्हा रक्तस्राव जास्त झाला, असे १९९५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आले. तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला होता. पण नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत तसे दिसले नाही. आज अॅम्लोडिपिन सहसा ऑपरेशनच्या दिवशी सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. मनाने बंद केली तर दाब चढतो, आणि चढलेल्या दाबानेही रक्त जास्त जाते!

खरी विचारपूस करायची ती अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन यांची. त्यांचे काम रक्त गोठू न देण्याचेच. त्या कधी थांबवायच्या, थांबवायच्या की नाही, हे डॉक्टरच सांगतील. हृदयात स्टेंट बसवलेल्याने तर त्या परस्पर सोडूच नयेत, आत गुठळी होऊन जीव जाऊ शकतो.

आम्ही कारकून माणूस, डॉक्टर नव्हे. पण सरकारी दवाखान्यातली रांग आम्हाला माहीत आहे. साहेब घाईत असतात, आपली माणसे बोलायला बिचकतात, आणि "काही गोळ्या चालू आहेत का?" असे विचारले की "नाही" म्हणून मोकळी होतात. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या, सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर दोघांपुढेही ठेवा. घरी आल्यावर पट्टी रक्ताने भिजत राहिली तर सकाळची वाट पाहू नका.

मावशींचे ऑपरेशन मागच्या मंगळवारी नीट पार पडले. पिशवीतून बीपीच्या गोळीबरोबर डायक्लोफिनॅकही निघाली. कंबरदुखीसाठी दुकानातून आणून त्या ती रोज खात होत्या. तिनेही रक्त थांबायला वेळ लागू शकतो. डॉक्टरांनी बंद केली ती तीच.