आभाळातली जोखीम आणि आपला हप्ता

माझ्या नोकरीच्या काळातली अग्निविम्याची पॉलिसी शेवटपर्यंत वाचलेला विमेदार मला कधी भेटला नाही. वाचली असती तर गंमत कळली असती. आग, वीज, स्फोट, दंगल, वादळ, पूर या यादीत क्षेपणास्त्र चाचणीतून होणारं नुकसानही धरलेलं असायचं. विमान किंवा अवकाशातलं एखादं यंत्र घरावर कोसळलं तरी क्लेम करता यायचा. आभाळातून आपसूक येणाऱ्या दगडाचं नाव मात्र यादीत नव्हतं. वर विमानाच्या त्याच कलमात शेवटी पुस्ती जोडलेली : दाबलहरींमुळे होणारं नुकसान वगळून.

१५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्क शहराचं जे नुकसान झालं, ते जवळजवळ सगळं दाबलहरीनं. सकाळी सव्वानऊनंतर सुमारे २० मीटरचा एक दगड जमिनीपासून ३० किलोमीटर उंचीवर फुटला. झोत सूर्यापेक्षा प्रखर. ‘काय झालं’ म्हणून माणसं खिडक्यांशी धावली आणि आकाशातली धुराची रेघ मोबाइलवर टिपत उभी राहिली. उजेड तत्काळ पोचतो, दाबाची लाट मागून येते. इथं ती दोन-अडीच मिनिटांनी आली आणि शहरभरच्या काचा माणसांच्या अंगावर फुटल्या. दीड हजारांच्या आसपास जखमी, सात हजारांवर इमारतींचं नुकसान, एका जस्त कारखान्याचं छप्पर खाली. एका शाळेतल्या बाईंनी झोत दिसताक्षणी चौथीच्या ४४ मुलांना बाकांखाली बसायला लावलं. एकाही मुलाला इजा झाली नाही. स्वतः बाई उभ्या होत्या, त्यांना काचा लागल्या.

हा दगड येतोय हे जगात कुणालाही आधी कळलं नव्हतं. तो सूर्याच्या बाजूनं आला, आणि सूर्याच्या बाजूला जमिनीवरच्या दुर्बिणी बघू शकत नाहीत. त्याच दिवशी दुसरा एक, आधीपासून माहीत असलेला लघुग्रह पृथ्वीपासून २७,७०० किलोमीटरवरून जाणार होता. सगळे त्याची वाट पाहत बसले होते. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

माझी उभी नोकरी सर्वसाधारण विम्यात गेली, बरीचशी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या संभाजीनगरात. निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून दुर्बीण घेतली. घरात तिला अजून ‘तो पाइप’ म्हणतात. तिच्यातून लघुग्रह ताऱ्यासारखाच दिसतो, नुसता ठिपका. तो तारा नाही हे कळायला थोड्या वेळानं पुन्हा बघावं लागतं : तारे जागच्या जागी आणि हा सरकलेला. मोठ्या वेधशाळांचं कामही मुळात एवढंच. आकाशाच्या एकाच तुकड्याचे काही काही मिनिटांनी चार फोटो काढायचे, संगणकानं सरकणारा ठिपका वेचायचा, त्याच्या जागा अमेरिकेतल्या मायनर प्लॅनेट सेंटरला कळवायच्या. तिथून जगभर निरोप जातो की इथं काहीतरी नवं दिसतंय, पुन्हा बघा. सगळी किंमत त्या पुन्हा बघण्याला आहे, कारण एका रात्रीच्या चार ठिपक्यांवरून कक्षा पक्की होत नाही.

२७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला असाच एक ठिपका सापडला. नाव पडलं २०२४ वायआर-४. सापडला तेव्हा तो पृथ्वीजवळून निघून जाऊन दोन दिवस झाले होते. आकार ६० मीटरच्या आसपास. आणि हिशेब असा निघाला की २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची थोडी शक्यता आहे. जानेवारीअखेर हा आकडा १ टक्क्याच्या वर गेला, १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर पोचला. आदळलाच तर कुठे, याचा पट्टाही नकाशावर आखला गेला : पूर्व पॅसिफिक, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र, दक्षिण आशिया. त्या पट्ट्यात मुंबई होती.

त्या आठवड्यात डोंबिवलीहून भाच्याचा फोन आला. ‘मामा, टीव्हीवर सांगतायत मुंबईवर दगड पडणार. फ्लॅट बुक करू की थांबू?’ अर्धी चेष्टा, अर्धी धास्ती. विचारलं, ताबा कधी? म्हणाला, २०२८. म्हटलं, मग चार वर्षं तरी राहून घे.

चेष्टा सोडा, पण ३.१ टक्के म्हणजे बत्तिसात एक, आणि हा आकडा आमच्या धंद्यात लहान नाही. ज्या वस्तीत दरवर्षी बत्तिसातलं एक घर जळतं, तिथं कुठलाही शहाणा अधिकारी पॉलिसी देणार नाही. वाहिन्यांना दोष द्यायचा तो भीती घातल्याबद्दल नाही. आकडा चढत होता तेव्हा ‘धोका वाढला’ आणि २४ फेब्रुवारीला तो ०.००४ टक्क्यांवर उतरला तेव्हा ‘शास्त्रज्ञांचा अंदाज चुकला’ असं सांगितलं, तो दोष खरा. दोन्ही वाक्यं चूक. दगड आपल्या वाटेनं चालला होता, त्याची वाट बदललीच नव्हती. बदलत होतं ते आपलं ज्ञान. २०३२ च्या त्या दिवशी दगड नेमका कुठे असेल, हे सुरुवातीला एका प्रचंड लांब पट्ट्यापलीकडे सांगता येत नव्हतं, आणि पृथ्वी त्या पट्ट्यात कुठेतरी होती. नव्या प्रत्येक निरीक्षणानं पट्टा दोन्ही टोकांनी आखडत गेला. पृथ्वी आत आहे तोवर आखडत्या पट्ट्यात तिचा वाटा वाढतच जाणार, म्हणजे टक्केवारी चढणार. मग एके दिवशी पट्ट्याची कड पृथ्वीला ओलांडून पलीकडे गेली आणि आकडा धाडकन खाली आला. उद्या दुसरा एखादा दगड सापडेल तेव्हाही असंच होईल, आणि बहुतेक वेळा शेवटही असाच होईल. बहुतेक वेळा.

हे याआधीही एकदा झालं होतं, आणि ते दिवस मला वायआर-४ पेक्षा जास्त बोचतात. अपोफिस नावाचा साडेतीनशे मीटरच्या आसपासचा लघुग्रह जून २००४ मध्ये सापडला. डिसेंबरअखेर त्याची २०२९ मध्ये आदळण्याची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत चढली, तारीख २७ डिसेंबर. आदल्या दिवशी, २६ ला, हिंदी महासागरात त्सुनामी आली होती. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरचे फोटो पानापानांवर होते. अपोफिसकडे बघायला कुणाला सवड असणार? त्याच २७ तारखेला मार्चमधल्या जुन्या फोटोंत त्याचे ठिपके सापडले आणि २०२९ ची भीती गेली. आता तो १३ एप्रिल २०२९ ला, आपल्याकडे १४ एप्रिलच्या पहाटे, पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून, आपल्या दूरसंचार उपग्रहांच्याही आतून, बिनधोक निघून जाईल.

त्सुनामीनं मात्र दोन लाखांहून जास्त माणसं नेली. सुमात्राजवळचा भूकंप आणि आपल्या किनाऱ्यावरची लाट यांत काही तासांचं अंतर होतं आणि सांगणारं कुणी नव्हतं. मग भारतानं काम केलं, आणि चांगलं केलं. ऑक्टोबर २००७ पासून हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती संस्थेत त्सुनामी इशारा केंद्र चालतं, शेजारच्या देशांनाही इशारे देतं. पुराच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या काउंटरवर पूरविम्याची चौकशी करणाऱ्यांची रांग लागायची, त्यातलाच हा प्रकार. पण निदान पॉलिसी घेतली तरी. लघुग्रहांच्या बाबतीत आपण अजून दुसऱ्यांच्या पॉलिसीवर राहतो, हप्ता जवळजवळ न भरता.

पृथ्वीजवळचे ४० हजारांहून जास्त लघुग्रह आज माहीत आहेत आणि त्यांतले बहुतेक अमेरिकी पैशांवर चालणाऱ्या मोहिमांनी शोधलेत. तिथल्या संसदेनं २००५ मध्ये कायदा केला की १४० मीटरहून मोठ्या दगडांपैकी ९० टक्के २०२० पर्यंत शोधायचे. मुदत उलटली, निम्मेही झालेले नाहीत. त्यांचेही पैसे आटतात. ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंगहून दक्षिण आकाश धुंडाळणारी मोहीम २०१३ मध्ये, चेल्याबिन्स्कच्याच वर्षी, निधीअभावी बंद पडली. नव्या अ‍ॅटलास दुर्बिणी दक्षिण आफ्रिका आणि चिलीत २०२२ च्या सुमारास सुरू होईपर्यंत दक्षिणेकडची ती जागा बरीचशी रिकामीच होती. सूर्याच्या बाजूची अडचण थोडी तरी दूर करायला नासा ‘निओ सर्व्हेअर’ ही अवरक्त दुर्बीण अवकाशात पाठवणार आहे, तीही अजून जायची आहे. दगड ढकलता येतो हे डार्ट यानानं २६ सप्टेंबर २०२२ ला दाखवून दिलं : एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डायमॉर्फोसला धडक दिली आणि त्याची ११ तास ५५ मिनिटांची प्रदक्षिणा अर्ध्या तासानं कमी झाली. पण ढकलायचा तर काही वर्षं आधी दिसायला हवा.

आपण यात कधीच नव्हतो असंही नाही. १९८० च्या दशकात तामिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत आर. राजमोहन यांच्या पुढाकारानं एक शोधमोहीम निघाली होती. नाव होतं ‘कल्की’! १९८८ मध्ये तिथं सापडलेल्या लघुग्रहाला रामानुजनचं नाव दिलं गेलं. पुढे ते काम थंडावलं. माणसं आजही आहेत. १६ ऑगस्ट २०२० ला मोटारीएवढा एक दगड हिंदी महासागराच्या दक्षिण भागावरून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीवरून निसटला. तोवर न आदळता इतक्या जवळून गेलेल्या दगडाची नोंद नव्हती. कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या कॅमेऱ्यात तो गेल्यावर सहा तासांनी आला. ढिगभर फोटोंमधल्या उपग्रहांच्या रेघांतून त्याची रेघ ओळखली ती आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी. डोळे आपले, दुर्बीण त्यांची.

आता कुणी म्हणेल, काका, तुमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही आणि तुम्ही दगड मोजायला निघालात. बरोबर आहे. म्हणून मोठं काही मागतच नाही. वायआर-४ शोधणाऱ्या अ‍ॅटलासचा आरसा अर्ध्या मीटरचा आहे. लडाखमध्ये हानलेला, साडेचार हजार मीटर उंचीवर, आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था मिळून जी ‘ग्रोथ’ दुर्बीण चालवतात, तिचा आरसा त्याहून मोठा, ७० सेंटिमीटरचा. फरक आकाश किती दिसतं यात आहे. अ‍ॅटलासच्या एका फोटोत शंभराहून जास्त पौर्णिमेचे चंद्र मावतील, ग्रोथच्या फोटोत दोन-अडीच. ती सापडलेल्याचा पाठलाग करायला उत्तम, शोधायला नाही. हानलेला रुंद डोळ्याची, फक्त या कामासाठी राखलेली एक दुर्बीण हवी. चिलीत, हवाईत, अ‍ॅरिझोनात उजाडलेलं असतं तेव्हा आपल्याकडे अंधार असतो. ते तास आपण भरून काढू शकतो.

दगड खरंच पडतो याचा पुरावा आमच्या शहरापासून चार तासांवर आहे : लोणार. पाहुण्यांना घेऊन गेलो की काठावर उभे राहून सगळे २०२० साली गुलाबी झालेल्या पाण्याबद्दल विचारतात. १.८ किलोमीटर व्यासाचा तो खड्डा कशानं झाला हे पाटीवर असतंच, ते वाचून पुढे जातात. कधी झाला, यावर गाइड ५२ हजार वर्षं सांगतो, आणि २०११ च्या एका अभ्यासात ५ लाख ७० हजार निघाली होती. घटनेच्या तारखेत इतका घोळ असलेला क्लेम मी एका दिवसात परत पाठवला असता. पण घटना झाली यात वाद नाही. बेसॉल्टमधल्या काचेच्या पुराव्यानं १९७३ मध्ये तो मिटला.

आणि दुर्बीण बसेपर्यंतचं एक काम. चेल्याबिन्स्कच्या आकाराचे दगड लोणारच्या दगडापेक्षा कितीतरी जास्त वेळा येतात आणि त्यातले बरेच दिसणारही नाहीत. मुलांना एवढंच सांगायचं, की आकाशात सूर्याहून प्रखर झोत दिसला तर खिडकीशी जाऊ नका, बाकाखाली बसा आणि निदान पाच मिनिटं तिथून हलू नका. यासाठी समिती नको, तरतूद नको. बालभारतीच्या पुढच्या आवृत्तीत आपत्ती व्यवस्थापनाच्या धड्यात, भूकंपाच्या सूचनांखाली, दोन ओळींची जागा सहज निघेल.