राग, चेष्टा आणि शिक्षा

शब्दाच्या नव्या अर्थाला कोशात जागा मिळाली की आमचे शुद्धिवादी सोवळे सावरत उठतात. भाषेची चेष्टा चाललीय! राग कसा येत नाही तुम्हाला? त्या कोशकारांना शिक्षा करा! थांबा, महाराज. संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, राग म्हणजे अनुराग आणि शिक्षा म्हणजे अध्ययन. तीन वाक्यांत तीन ‘भ्रष्ट’ अर्थ वापरून तुम्ही अर्थभ्रंशावर प्रवचन झोडताय! पणजोबांनी अर्थ बदलला तो संस्कार, पोरांनी बदलला की अधःपात. हा कुठला न्याय?

इंग्रजांचेही तेच. २०१३ मध्ये तिकडे ‘लिटरली’वरून गहजब झाला. ‘मी लिटरली मेलो’ म्हणणारा धडधाकट असतो, तरी ऑक्सफर्डच्या कोशाने तो अर्थ नोंदवला, म्हणून भाषेचे श्राद्ध घालून झाले. त्याच नोंदीत या वापराचा १७६९ सालचा दाखला होता. पण आरडाओरडा करायचा असला की नोंद वाचतो कोण? आणि आपण काय करतो? उन्हातून आलो की ‘अक्षरशः मेलो’ म्हणतोच ना?

कोशकाराचे काम पंचनाम्याचे. निरनिराळ्या लोकांच्या लिहिण्याबोलण्यात तो अर्थ पुन्हा पुन्हा सापडतो का? काही वर्षे टिकलाय का? फोड न करता समोरच्याला कळतो का? झाले. ‘सुपारी’ घ्या. आधी पानातली. मग तमाशाच्या फडाला कार्यक्रम ठरवताना दिलेली. मग मुंबईच्या गुन्हेगारांनी खुनासाठी दिलेली. तिन्ही अर्थ एका घरात नांदतात. पानवाल्याकडे सुपारी मागितली म्हणून कोणी पिस्तूल काढत नाही. तिसरा अर्थ कोशाबाहेर ठेवून एक तरी खून टळणार आहे का? कोशात नाही ते जगातच नाही, ही शुद्धिवाद्यांची अगाध श्रद्धा!

लाज वाटायला हवी ती दुसऱ्याच गोष्टीची. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले, पुरवणी १९५० मध्ये. त्या मंडळींनी ग्रंथांतले दाखले दिलेच, पण बोलींतले शब्दही प्रांतासकट टिपले. आजही अडले की आपण तोच कोश उघडतो. त्यानंतर मराठीने घडवलेले अर्थ त्यात सापडणार कसे? तेव्हा गळे काढणे पुरे. अर्थ खटकला तर जरूर खटकू द्या, पण शब्द, वाक्य, साल आणि गाव लिहून ठेवा. नवा कोश करणाऱ्याला तेच लागेल.