अनुबोधपटातील कामगार : करुणेचा विषय की हक्काचा धनी?

अनुबोधपटाने श्रमिकाचे दुःख दाखवावे, याविषयी दुमत नाही. परंतु ते दाखवून त्याने कोणाशी बोलावे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कापडाच्या आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांवर गेल्या काही दशकांत जे अनुबोधपट निघाले, त्यांच्या संदर्भात तो विचारणे अगत्याचे आहे.

राहुल जैन यांचा ‘मशीन्स’ (२०१६) सुरतनजीकच्या एका कापड कारखान्यात घडतो. भट्टीची धग, रंगाची पिंपे, अखंड धावणारे कापड आणि उभ्याउभ्या डोळे मिटू लागलेला एक पोरगेला मुलगा, हे सारे असामान्य छायाचित्रणातून साकार होते. सनडान्स महोत्सवात २०१७ साली त्या छायाचित्रणाचा गौरवही झाला. तथापि या पटाचे खरे मोल त्यातील बोलण्यात आहे. आपली पिळवणूक होत नाही, कर्ज काढून आपण आपल्या मर्जीने येथे आलो, असे एक कामगार सांगतो. ज्या मर्जीच्या मागे कर्ज उभे आहे, तिला मर्जी म्हणावे काय, हा प्रश्न पट उच्चारत नाही, प्रेक्षकावर सोपवतो. उलट मालकाची तक्रार अशी, की पोट भरले म्हणजे कामगाराची निष्ठा ओसरते. अखेरीस कामगारांचा जमाव चित्रपटकर्त्यालाच घेरतो. येणारे येतात, आमची दुःखे पाहतात आणि निघून जातात. आम्ही काय करावे ते सांगा, अशी त्यांची मागणी आहे. पटापाशी तिचे उत्तर नाही. मात्र आपली ही उणीव त्याने कापून टाकली नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा होय.

अँड्र्यू मॉर्गन यांच्या ‘द ट्रू कॉस्ट’ (२०१५) या पटाची भूमिका निराळी आहे. त्याचा रोख मुख्यतः पाश्चात्त्य ग्राहकाच्या सदसद्विवेकाकडे आहे. ढाक्यातील एक शिवणकामगार स्त्री त्यात सांगते, की संघटना बांधून मागण्या मांडताच कारखान्यातील माणसांनी कामगारांना मारहाण केली. हे कथन वस्तुतः पटाचे केंद्र व्हावयास हवे होते. पण पट पुन्हा खरेदीदाराच्या नैतिक निवडीकडे वळतो आणि हक्काचा प्रश्न दयेच्या प्रांतात जाऊन पडतो.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. सावर येथील राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळून अकराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. भिंतींना तडे गेल्याचे आदल्याच दिवशी दिसले होते. खालच्या मजल्यावरील बँक बंद राहिली; वरच्या मजल्यांवरील शिवणकामगारांना मात्र कामावर यावे लागले. तडा दोघांनाही दिसला होता. नाही म्हणण्याचे सामर्थ्य एकाजवळ होते, दुसऱ्याजवळ नव्हते. त्यानंतर जागतिक लोकमताचा दाब निर्माण झाला आणि त्याचा उपयोगही झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो दाब फलदायी ठरला, तो मे २०१३ मध्ये कामगार संघटना व परदेशी कंपन्या यांच्यात कायद्याने बंधनकारक असा सुरक्षा-करार झाला तेव्हा. हळहळीने इमारतींची तपासणी होत नाही. करारातील कलमाने होते.

कामगाराला कर्ता म्हणून पाहणारी दृष्टी भारतीय अनुबोधपटाला नवी नाही. आनंद पटवर्धन यांच्या ‘ऑक्युपेशन : मिल वर्कर’ (१९९६) या लघुपटात चार वर्षांच्या टाळेबंदीनंतर मुंबईतील न्यू ग्रेट ईस्टर्न मिलचे कामगार आपल्या गिरणीत बळाने शिरतात. शीर्षकातील इंग्रजी शब्दाला व्यवसाय आणि ताबा असे दोन्ही अर्थ आहेत. येथे प्रेक्षकाला कीव करण्यास फारसा अवसरच मिळत नाही. त्याला बाजू घ्यावी लागते.

कलाकृतीने चळवळीचे पत्रक होऊ नये, हा आक्षेप रास्त आहे. तथापि कामगाराला स्वतःविषयीची कलाकृती पाहता यावी, या अपेक्षेने कलेची हानी होत नाही. असे पट बहुधा महोत्सवांच्या वाटेने इंग्रजी उपशीर्षके घेऊन फिरतात. सुरतच्या कापडधंद्यात ओडिया आणि भोजपुरी बोलणारे असंख्य कामगार आहेत. विद्यापीठांतील भारतीय भाषांच्या विभागांनी या पटांच्या त्या त्या भाषांतील आवृत्त्या सिद्ध करून कामगारवस्त्यांत दाखविण्याचे काम अंगावर घ्यावे. ‘मशीन्स’मधील जमावाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यातून लगेच मिळणार नाही, पण तो प्रश्न निदान त्या जमावाच्या सोबत्यांपर्यंत, त्यांच्याच भाषेत, परत पोहोचेल.